‘विस्मृत’ म्हणे!

तर झालं काय, आमच्या एका मित्राला डॉक्युमेंटरी करायची हुक्की आली.

मेलबर्नमध्ये वीकेंडला करण्यासारखं तसं पुष्कळ असतं. बार्बेक्यू असतं, पोरांचं क्रिकेट असतं, गणपतीतल्या नाटकाची तालीम असते, आणि काहीच नसलं तर हार्डवेअरच्या दुकानात जाऊन गरज नसलेलं ड्रिल मशीन घेऊन येता येतं. पण या पठ्ठ्याने ड्रोन घेतला. चांगला महागाचा. मग ड्रोनला विषय हवा म्हणून विषय शोधला (हो, याच क्रमाने!) आणि निघालं काय, तर ॲबोरिजिनल लोकांचे विस्मृतीत गेलेले जमिनीचे हक्क. कॅमेरा त्याचा, एडिटिंग त्याचं, निवेदन माझं. का, तर मी ‘लिहितो’.

नावसुद्धा मीच दिलं. ‘विस्मृत भूमी’. दोन मिनिटांत सुचलं, सगळ्यांना आवडलं, मलाही दोन दिवस स्वतःचं भारी कौतुक वाटत होतं. आज जे लिहितोय ते या नावाच्या विरोधात आहे, म्हणजे पर्यायाने माझ्याच विरोधात आहे. मित्र हे वाचणार आहे. वाच बाबा. फोनवर तू मला बोलू देत नाहीस.

आधी आमची सुरुवातीची दोन मिनिटं ऐका. यारा खोऱ्यावरचं पहाटेचं धुकं, वरून ड्रोन. मागे डिजेरिडूचा घुमणारा आवाज. मग एक सुरकुतलेला चेहरा, त्यावर हळूहळू झूम. आणि माझा आवाज: ‘ही कहाणी आहे एका विस्मृत लढ्याची...’

आता डिजेरिडू हे वाद्य इथून हजारो किलोमीटर लांब, उत्तरेकडच्या अर्नहेम लँडच्या बाजूचं. मेलबर्नच्या परिसरातल्या लोकांच्या गोष्टीला ते लावणं म्हणजे पंढरीच्या वारीला मागे भांगडा लावण्यासारखं आहे. पण ते सोडा. वाद्य बदलता येतं. माझं भांडण ‘विस्मृत’ या शब्दाशी आहे, कारण आख्खी फिल्म त्या शब्दावर उभी आहे आणि तो शब्द खोटा आहे.

ही जागा तुम्हाला माहीत आहे. मेलबर्नमध्ये राहणारे असाल तर नक्कीच. पुण्याहून आई-बाबा आले की पहिल्या पंधरा दिवसांत आपण त्यांना हील्सव्हिलच्या सँक्चुअरीत नेतो. कोआला बघायचा, अंधाऱ्या खोलीत काचेपलीकडचा प्लॅटिपस बघायचा, ‘कांगारू केवढा आळशी आहे’ म्हणायचं, डब्यातल्या पोळ्या खायच्या आणि येताना एखाद्या वायनरीत फोटो. मी तीनदा गेलोय. आईबरोबर, सासूबाईंबरोबर आणि एकदा ऑफिसच्या लोकांबरोबर. ती सँक्चुअरी ज्या जमिनीवर उभी आहे ती कोरँडर्क वसाहतीची जमीन होती, हे मला तिन्ही वेळा माहीत नव्हतं.

कोरँडर्कची हकीगत थोडी सविस्तर सांगतो, कारण फिल्ममध्ये आम्ही ती चाळीस सेकंदांत उरकली होती.

१८३५ साली जॉन बॅटमन नावाच्या गृहस्थाने ब्लँकेटं, कुऱ्हाडी, आरसे वगैरे देऊन इथल्या कूलिन लोकांकडून लाखो एकर जमीन ‘करारा’ने घेतल्याचा दावा केला. त्याच वर्षी गव्हर्नर बर्कने तो करार रद्द ठरवला. का? कूलिन लोकांना फसवलं म्हणून नव्हे. जमीन ब्रिटिश राजाची आहे, ती विकायला हे लोक कोण, म्हणून. तो करार झाला तेव्हा विल्यम बराक नावाचा एक लहान मुलगा तिथे होता. पुढचा सगळा लढा बघायला आणि लढायला हा माणूस १९०३ पर्यंत जिवंत होता.

१८५९ मध्ये सायमन वोंगाच्या नेतृत्वाखाली कूलिनांचं शिष्टमंडळ अधिकाऱ्यांना भेटलं आणि त्यांनी शेती करण्यासाठी जमीन मागितली. अकेरॉन नदीकाठी मिळाली. आजूबाजूच्या मेंढपाळ जमीनदारांना ती जागा आवडली, त्यामुळे यांना हलवलं. शेवटी १८६३ च्या सुरुवातीला वोंगा आणि बराक सुमारे चाळीस जणांना घेऊन डोंगर ओलांडून चालत आले आणि हील्सव्हिलजवळ यारा नदीकाठी मुक्काम ठोकला. तेच कोरँडर्क. त्या भागात फुलणाऱ्या एका पांढऱ्या फुलांच्या झुडपाचं हे नाव. १८६६ पर्यंत वसाहत ४,८५० एकरांची झाली. त्यांनी घरं बांधली, शेती उभी केली, बिअरला लागणारं हॉप्सचं पीक घेतलं. त्या हॉप्सना मेलबर्नच्या प्रदर्शनात बक्षीस मिळालं, बाजारात भाव चांगला मिळायला लागला.

आणि इथेच घोळ झाला. जमीन पिकते म्हटल्यावर ती शेजाऱ्यांच्या डोळ्यांत यायला लागली. (हे वाक्य समजायला तुम्हाला ऑस्ट्रेलियाचा इतिहास वाचावा लागणार नाही. कुठल्याही मराठी घरात सातबाऱ्याचा विषय काढून बघा.) ज्या सरकारी बोर्डाने त्यांचं ‘संरक्षण’ करायचं, तेच बोर्ड त्यांना तिथून हलवायच्या मागे लागलं. त्यांच्या बाजूने उभा राहणारा व्यवस्थापक जॉन ग्रीन १८७४ मध्ये बोर्डाशी बिनसून गेला. मग बराक आणि त्याचे लोक साठेक किलोमीटर पायी चालत मेलबर्नला यायला लागले. मंत्र्यांना भेटायचं, अर्ज द्यायचे, वर्तमानपत्रांना पत्रं लिहायची, परत जायचं. एकदा नाही, पुन्हा पुन्हा.

१८८१ मध्ये संसदीय चौकशी समिती बसली. कूलिन पुरुषांनी आणि बायकांनी समितीपुढे साक्षी दिल्या. आमचा जुना व्यवस्थापक परत द्या, बोर्ड नको, जमीन आमच्याकडे राहू द्या. प्रश्न आणि उत्तर, प्रश्न आणि उत्तर, सगळं शब्दशः टिपलं गेलं आणि छापलं गेलं. १८८४ मध्ये जमीन कायमची राखीव म्हणून जाहीरही झाली. म्हणजे ते जिंकले!

दोन वर्षांत, १८८६ मध्ये, नवा कायदा आला. ज्यांच्यात ‘मिश्र’ रक्त आहे आणि ज्यांचं वय ३४ च्या आत आहे, त्यांनी वसाहत सोडायची. म्हणजे धडधाकट, काम करणारी, अर्ज लिहिणारी पिढी नेमकी बाहेर. कुटुंबं तुटली आणि शेतावर हात उरले नाहीत. मग १८९३ मध्ये ‘एवढी जमीन यांना हवी कशाला’ म्हणून निम्मी काढून घेतली. १९२४ मध्ये वसाहत बंद केली आणि लोकांना लांब लेक टायर्सला जायला सांगितलं. काही म्हाताऱ्या माणसांनी जायला साफ नकार दिला आणि ती तिथेच राहिली. दुसऱ्या महायुद्धानंतर उरलेली बहुतेक जमीन युद्धावरून परतलेल्या सैनिकांच्या वसाहत योजनेत गेली. १९९० च्या दशकाच्या शेवटी वुरुंजेरी लोकांकडे सुमारे दोनशे एकर परत आले, तेही सरकारी निधीतून बाजारात विकत घेऊन.

आता मला सांगा, यात विस्मृत काय आहे?

अर्ज अभिलेखागारात आहेत. साक्षी छापलेल्या आहेत. जिओर्डानो नानी आणि अँड्रिया जेम्स यांनी त्या साक्षींमधूनच एक नाटक उभं केलं, बोलणारे शब्द १८८१ चेच. कोरँडर्क २०११ पासून राष्ट्रीय वारसा यादीत आहे. बराकच्या लोकांचे वंशज याच शहरात राहतात, जमिनीबद्दल बोलतात, लिहितात. व्हिक्टोरियाच्या यूरूक आयोगापुढे अलीकडेच साक्षी झाल्या, त्यांचं चित्रीकरण कोणालाही बघता येतं. आमच्या धंद्यातल्या भाषेत सांगायचं तर आख्खी कमिट हिस्टरी शाबूत आहे. कोणी काय बदललं, कधी बदललं, कोणाच्या सहीने बदललं, सगळं. आपण लॉग उघडला नाही आणि वर म्हणतोय की डेटा हरवला!

‘विस्मृत’ म्हटलं की दोन गोष्टी फुकटात होतात. एक म्हणजे, घेणारा सुटतो. विसरणं ही कशी, आपोआप होणारी गोष्ट. पाऊस पडावा तशी. त्यात बोर्ड नाही, १८८६ चा कायदा नाही, कोणाची सही नाही. आणि दुसरी म्हणजे, डॉक्युमेंटरी करणारा हीरो होतो. विसरलेलं शोधून काढणारा, धूळ झटकणारा! मी आणि माझा मित्र, ज्यांना सहा महिन्यांपूर्वी कोरँडर्कचं स्पेलिंग येत नव्हतं, आम्ही म्हणे प्रकाशात आणणार.

डब्ल्यू. ई. एच. स्टॅनर नावाच्या मानववंशशास्त्रज्ञाने १९६८ च्या रेडिओ व्याख्यानांत याला ‘ग्रेट ऑस्ट्रेलियन सायलेन्स’ म्हटलं होतं. त्याचा मुद्दा असा, की एवढ्या मोठ्या प्रमाणावर होणारं दुर्लक्ष हा वेंधळेपणा असू शकत नाही. घराची खिडकीच अशी बसवलीये की बाहेरच्या देखाव्याचा ठरावीक भाग दिसू नये. मला हे वाचल्यापासून ड्रोन डोक्यात जायला लागलाय. ड्रोनमधून तरी काय दिसतं? धुकं, नदी, द्राक्षाचे मळे. कुंपण दिसत नाही, मालकी दिसत नाही. माणूस तर मुंगीएवढाही दिसत नाही.

मित्राचं म्हणणं, ‘मग काय, करूच नये का? तू नुसता टीका करणार!’

करावी ना. कशी करावी याचं उत्तर लोकांनी चाळीस वर्षांपूर्वी देऊन ठेवलंय. ‘टू लॉज’ नावाची फिल्म आहे. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीची, दोन तासांहून थोडी मोठी. नॉर्दर्न टेरिटरीतल्या बोरोलूला गावच्या लोकांनी अलेस्सांद्रो कावादिनी आणि कॅरोलिन स्ट्रॅचन या दोघांना बोलावून घेतलं. हे लक्षात घ्या, दोघं कॅमेरा घेऊन ‘विषय’ शोधत गेले नव्हते, त्यांचं आधीचं काम बघून गावाने त्यांना बोलावलं. आणि मग काय दाखवायचं, कोणी बोलायचं, कोणाला बोलायचा अधिकार आहे, हे सगळं गावाने बसून ठरवलं. अगदी लेन्ससुद्धा! त्यांनी वाइड अँगल लेन्स घेतली. क्लोज-अप नको. कारण एकटा चेहरा कापून घेतला की तो कोणाच्या वतीने बोलतोय, त्याच्या शेजारी कोण साक्षीला बसलंय, हे फ्रेमबाहेर जातं. त्यांच्या कायद्यात जमिनीबद्दल एकट्याने बोलायचं नसतं, ज्यांचा हक्क आहे ते सगळे हजर लागतात. मग फ्रेममध्येही सगळे हवेत.

इंजिनिअर म्हणून मला ही गोष्ट प्रचंड आवडली. रिक्वायरमेंट क्लायंटने दिली, टेक्नॉलॉजी त्याप्रमाणे निवडली. आम्ही काय केलं? आधी ड्रोन घेतला.

त्या फिल्मचे चार भाग आहेत. पोलिसांचा काळ, ‘वेल्फेअर’वाल्यांचा काळ, जमिनीसाठीची झुंज आणि दोन कायद्यांबरोबर जगणं. १९३३ मध्ये पोलिसांनी तिथल्या लोकांना पकडून, मारत, चालवत नेलं होतं. तो प्रसंग गावकऱ्यांनी स्वतः करून दाखवलाय. आता आपण हे कसं दाखवणार आहोत, हे ते कॅमेऱ्यासमोरच सांगतात. दुःखाचं संगीत नाही. निवेदकाचा घोगरा आवाज नाही. पहिली वीस मिनिटं मला कंटाळा आला, खोटं कशाला बोलू? मग कळलं की आपल्याला जी सवय आहे, दर दहा सेकंदांनी कोणीतरी आपल्या भावना हलवून देण्याची, तीच इथे नाहीये. हे लोक माझी दया मागत नाहीयेत. ते पुरावा सादर करतायत. बोरोलूलाचा दावा १९७६ च्या जमीन हक्क कायद्याखाली सुरुवातीला सुनावणी झालेल्या दाव्यांपैकी होता. कोर्टात त्यांना परक्या नियमांनी बोलावं लागलं, फिल्ममध्ये ते आपल्या नियमांनी बोलले.

यावर मित्राचं उत्तर तयारच. ‘करून दाखवलेलं म्हणजे फेक. आपल्याला ऑथेंटिक पाहिजे.’

अरे, ऑथेंटिक! १९७५ चा तो फोटो तुम्ही पाहिला असेल, पंतप्रधान गॉफ व्हिटलम गुरिंजी नेते व्हिन्सेंट लिंगियारींच्या तळहातावर लाल माती ओततोय. जमीन हक्कांचा सगळ्यात प्रसिद्ध फोटो. काढणारा मर्व्हिन बिशप, स्वतः ॲबोरिजिनल. खरा समारंभ मांडवाच्या सावलीत झाला. तिथे फोटो नीट येईना, म्हणून बिशपने दोघांना बाहेर उन्हात येऊन पुन्हा माती ओतायला सांगितली. मागे निळं आकाश मिळालं. म्हणजे तोही रीटेकच! त्याने तो फोटो खोटा होत नाही. पण त्या फोटोने आपली एक सोय झाली आहे, ती बघा. देणारा उंच गोरा माणूस, घेणारा हात पुढे केलेला. त्याआधीची नऊ वर्षं फ्रेममध्ये नाहीत. १९६६ च्या ऑगस्टमध्ये दोनशेच्या आसपास गुरिंजी माणसं व्हेस्टी या ब्रिटिश कंपनीच्या वेव्ह हिलच्या गुरांच्या मळ्यावरून काम सोडून चालत निघाली होती. सगळ्यांना वाटलं पगाराचा संप आहे. त्यांना जमीन हवी होती. १९६७ मध्ये त्यांनी गव्हर्नर जनरलकडे अर्ज केला, तो फेटाळला गेला, तरी ते हलले नाहीत. आणि १९७५ मध्ये मिळालं ते भाडेपट्ट्याचं कागद. कायमची मालकी १९८६ मध्ये, आणि वेव्ह हिल मळ्यावरचा पारंपरिक हक्क फेडरल कोर्टाने मान्य केला २०२० मध्ये. चोपन्न वर्षं! एका मुठीत मावणारी गोष्ट नाही ती.

मग शेवटचं हत्यार. ‘निदान अवेअरनेस तर होईल ना!’

या शब्दाचा मला मनस्वी राग आहे. पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या जूकन घळीतल्या गुहांमध्ये माणसांच्या वावराच्या खुणा ४६,००० वर्षांपूर्वीपर्यंत जातात. तिथे केसांच्या वेणीचा सुमारे चार हजार वर्षं जुना तुकडा सापडला आणि त्याच्या डीएनएचं नातं तिथल्या आजच्या मालकांशी, पुटु कुंती कुर्रामा आणि पिनिकुरा लोकांशी, जुळलं. या जागेवर डॉक्युमेंटरी झाली होती. ‘नगुर्रा मिनार्ली’. पैसे कोणी दिले? रिओ टिंटो या खाण कंपनीने. २०२० च्या मे महिन्यात त्या गुहा स्फोटाने कोणी उडवल्या? त्याच कंपनीने, लोहखनिजासाठी, तेव्हाच्या कायद्याप्रमाणे रीतसर परवानगी घेऊन. आता सांगा, अवेअरनेस कमी पडला होता का? ज्यांनी फिल्म काढली त्यांनीच सुरुंग लावला! नंतर आरडाओरडा झाला, वरच्या तिघांना जावं लागलं. गुहा गेल्या त्या गेल्या.

आणि आपण कोण, हाही प्रश्न आहेच. मित्र म्हणतो, आपण बाहेरचे, म्हणून न्यूट्रल. मला पूर्वी हे पटायचं. पण १४ ऑक्टोबर २०२३ ला सार्वमत झालं, संसदेला सल्ला देणारं ॲबोरिजिनल लोकांचं एक मंडळ घटनेत असावं की नाही यावर. त्या आठवड्यात आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दिवाळीच्या फराळाच्या ऑर्डरी आणि ‘हा आपला विषय नाही’ एवढंच चालू होतं. विषय आपला नाही, मत मात्र आपण दिलं. देशभरात साठेक टक्क्यांनी ‘नाही’ निकाल लागला. माझ्या घराच्या खरेदीखताची साखळी मागे मागे नेली की ती कोणाकडे तरी सुरू होते, आणि त्या कोणालातरी ती राजाकडून मिळालेली असते, आणि राजाला कोणाकडून मिळाली हा कॉलम रिकामा असतो. आपल्याकडे चुलत भाऊ एका गुंठ्याच्या फेरफारासाठी तीस वर्षं कोर्टात जातात. त्यातलं आजोबांचं नाव कोणी ‘विस्मृत’ म्हणत नाही, ‘खोडलं’ म्हणतात. मराठीत इतका नेमका शब्द असताना मी दोन मिनिटांत काव्यात्मक शब्द काढला, याची आता लाज वाटते.

शहरात, स्वान्स्टन स्ट्रीटच्या वरच्या टोकाला एक तीसहून जास्त मजल्यांची फ्लॅटची इमारत आहे, २०१५ मधली. लांबून बघितलं की तिच्या पांढऱ्या बाल्कन्यांच्या वळणांतून एक भला मोठा चेहरा दिसतो. तो विल्यम बराकचा. जवळून नुसत्या बाल्कन्या. आमच्या स्क्रिप्टमध्ये शेवटचा शॉट तोच होता, सूर्यास्ताच्या वेळी, ड्रोनने गोल फेरी मारत. मी तो परवा काढून टाकला. त्यावरूनच भांडण पेटलं.

मी काय म्हटलं ते इथे लिहून ठेवतो. नाव बदलायचं. माझं निवेदन सगळं काढायचं. चाळीस सेकंदांचं कोरँडर्क एकरांसकट आणि कायद्यांच्या वर्षांसकट सांगायचं, किंवा सांगायचंच नाही. आणि शूटिंगच्या आधी वुरुंजेरी लोकांच्या संस्थेला मेल लिहायचा, त्यात परवानगी मागायची नाही तर विचारायचं, की अशी फिल्म तुम्हाला हवी आहे का, आणि असली तर आमचं काम काय? कदाचित ते म्हणतील, केबल उचला आणि चहा करा. कदाचित म्हणतील, सबटायटल्स मराठीत करा आणि तुमच्या लोकांना दाखवा. ते मला चालेल.

‘आणि नको म्हणाले तर?’ मित्राने विचारलं.

‘तर ड्रोन वीक.’

दोन दिवस बोलला नाही. काल रात्री मेलचा मसुदा आला. त्यात पहिल्याच ओळीत ‘फरगॉटन’ होतं. मी ते काढून परत पाठवलाय. सोमवारी लंचमध्ये बसून पुरा करू म्हणालाय. बघू.